अग्रिम कर, शेअर व वायदे व्यापारातील

अग्रिम कर, शेअर व वायदे व्यापारातील : उत्पन्न ज्या वर्षी मिळते त्याच वर्षी हप्त्यांनी भरायचा प्राप्तिकर. बाजारात ‘ॲडव्हान्स टॅक्स’ हेच नाव रूढ. भारतात तो १९४४ मध्ये, १९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमात कलम १८ क (१८ ए) घालून आला. युद्धकाळातील चलनवाढ आवरणे हा त्यामागील मुख्य हेतू असावा. पुढील कलमे १९६१ च्या अधिनियमातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा अधिनियम लागू झाला, तरी हप्त्यांची चौकट तीच राहिली.

टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) वजा जाता वर्षाचा कर १०,००० रु. वा अधिक असल्यास १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के भरायचा असतो. हे आकडे एकत्रित, म्हणजे आधीचे हप्ते धरून आहेत. निवासी व्यापाऱ्याच्या नफ्यातून टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे सगळा भार हप्त्यांवर येतो. साठी ओलांडलेल्यांची सूट धंद्याचे उत्पन्न असणाऱ्यास मिळत नाही.

खरी अडचण हप्त्यांतील तुटीवर व्याज लावणाऱ्या कलम २३४ ग (२३४ सी) मध्ये आहे. जूनचा हप्ता तोवरच्या नफ्यावर नव्हे, संपूर्ण वर्षाच्या करावर मोजला जातो. सगळा नफा फेब्रुवारीत झाला तरी जूनची तूट मागे जाऊन धरली जाते. समजा, कर ६,००,००० रु. आहे आणि हप्ता एकही भरला नाही. पहिल्या तीन तुटींवर दरमहा १ टक्का दराने तीन-तीन महिन्यांचे व्याज २,७००, ८,१०० व १३,५०० रु., मार्चचे एका महिन्याचे ६,००० रु.; एकूण ३०,३०० रु. शिवाय ९० टक्क्यांहून कमी भरणा असल्यास कलम २३४ ख (२३४ बी) खाली एप्रिलपासून दरमहा आणखी १ टक्का. जुलैअखेर कर भरला तर २४,००० रु. हे व्याज खर्च म्हणून वजा होत नाही (सर्वोच्च न्यायालय, भारत कॉमर्स प्रकरण, १९९८).

भांडवली नफ्याचा अंदाज चुकल्यास, नंतरच्या हप्त्यांत किंवा ३१ मार्चपर्यंत कर भरणाऱ्याला व्याजातून सूट आहे. वायद्यांचे उत्पन्न मात्र कलम ४३(५) नुसार बिगर-सट्टा धंद्याचे आणि इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकलेल्या) शेअरचे सट्टा-धंद्याचे. अशा उत्पन्नाला, धंदा त्याच वर्षी प्रथम सुरू झाला असेल तरच ही सवलत लागते. डिलिव्हरीच्या (खात्यात प्रत्यक्ष घेतलेल्या) शेअरांबाबत २०१६ चे परिपत्रक ६ भांडवली नफा की धंदा या करदात्याच्या निवडीला मान देते, पण ती पुढे बदलता येत नाही. उलाढालीच्या विहित टक्क्याने नफा धरण्याची मुभा देणाऱ्या कलम ४४ कघ (४४ एडी) खाली सगळा कर १५ मार्चला एकरकमी भरता येतो. वायदे व्यापाऱ्याला हा मार्ग खुला आहे का, याबद्दल सल्लागारांत दुमत आहे. प्रत्यक्ष नफा विहित टक्क्याहून जास्त असल्यास तोच दाखवावा, हे मत अधिक सुरक्षित वाटते.

व्यवहारात नफ्यातील व्यापारी दर महिनाअखेर ब्रोकरेज (दलाली), एसटीटी (रोखे व्यवहार कर) वजा करून निव्वळ नफा काढतात आणि कराचा वाटा मार्जिनपासून (सौद्यांसाठी दलालाकडे ठेवलेल्या तारण रकमेपासून) वेगळ्या खात्यात ठेवतात. मार्जिनमध्ये अडकलेली रक्कम नेमकी हप्त्याच्या दिवशी मोकळी होत नाही. जूनमध्ये १२ व सप्टेंबरमध्ये ३६ टक्के भरले तरी त्या दोन हप्त्यांवर व्याज लागत नाही, म्हणून अंदाज त्या पातळीखाली जाऊ देत नाहीत. नोकरदार व्यापाऱ्याजवळ आणखी एक उपाय आहे : मालकाला इतर उत्पन्न कळवून पगारातून जास्त टीडीएस कापून घेणे. तो मार्चमध्ये कापला तरी संपूर्ण वर्षाच्या करातून वजा होतो आणि जूनची तूटही भरून निघते.

कराचे चलन भरताना वर्ष चुकीचे निवडणे ही नेहमीची चूक आहे. मग रक्कम दुसऱ्याच वर्षात जमा दिसते. १५ मार्च चुकला तरी ३१ मार्चपर्यंतचा भरणा अग्रिम करच गणला जातो. शेवटचा दिवस बँकेच्या सुटीचा असल्यास पुढील कामकाजाच्या दिवशीचा भरणा चालतो (परिपत्रक ६७६, १९९४).