ताणजन्य मूत्रगळती : शस्त्रक्रिया व मूत्राशयाची चाचणी

खोकला, शिंक, हसणे किंवा ओझे उचलणे यांनी पोटातील दाब वाढताच स्त्रीची इच्छा नसताना लघवी सुटणे म्हणजे ताणजन्य मूत्रगळती. या वेळी मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावत नाही. घाईच्या गळतीत (अचानक अनावर लघवी लागून होणाऱ्या) तो आपोआप आकुंचन पावतो. बाळंतपणे, वाढते वय, स्थूलता व जुनाट खोकला ही प्रमुख कारणे होत.

विकार नेमका कसा उद्‌भवतो याबद्दल मतभेद आहेत. मूत्रमार्गाचा वरचा भाग खाली सरकल्याने पोटातील दाब त्याच्यापर्यंत पोचत नाही, हे जुने मत. पेट्रोस व उल्मस्टेन यांनी १९९० मध्ये मूत्रमार्गाच्या मध्यभागाला धरणाऱ्या बंधांच्या सैलपणावर भर दिला. डिलान्सी यांनी १९९४ मध्ये मूत्रमार्गाखाली योनीच्या पुढच्या भिंतीची झोळी असते व ती ढिली पडते, असे प्रतिपादले. अलीकडचा कल या नंतरच्या दोन मतांकडे आहे. झडपस्नायूची (मूत्रमार्ग मिटून ठेवणाऱ्या स्नायूची) स्वतःची दुर्बलताही अनेक रुग्णांत आढळते.

शस्त्रक्रियाही याच मतांच्या मागोमाग बदलत गेल्या. मूत्राशयाच्या तोंडाखालच्या ऊती आवळणारे केली यांचे टाके विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. ‘अंग बाहेर येण्या’च्या शस्त्रक्रियेबरोबर ते घातले जात, पण त्यांचा गुण फार टिकत नाही. बर्च यांनी १९६१ मध्ये योनीच्या बाजूच्या ऊती जघनास्थीजवळच्या बंधाला टाचण्याची पद्धत वर्णिली. मूत्रमार्गाखाली आधाराला रुग्णाच्याच पोटाच्या आवरणाची पट्टी वापरल्यास ताणाची गळती बर्चपेक्षा अधिक थांबते, मात्र लघवी अडणे व मूत्रसंसर्ग वाढतात, असे २००७ च्या अमेरिकन चाचणीत दिसले. उल्मस्टेन यांची मूत्रमार्गाच्या मध्याखाली बसवायची पॉलिप्रॉपिलीनच्या (कृत्रिम धाग्याच्या) जाळीची सैल पट्टी १९९६ ची. कृत्रिम जाळीच्या तक्रारींमुळे इंग्लंडने २०१८ मध्ये तिच्या वापराला स्थगिती दिली. 

युरोडायनॅमिक चाचणीत मूत्राशयात व गुदाशयात बारीक नळ्या घालून मूत्राशयात सलाइन भरतात. मूत्राशयातील दाबातून गुदाशयातल्या नळीने मोजलेला पोटाचा दाब वजा केला की स्नायूचा स्वतःचा दाब कळतो. जोर केल्यावर ६० सेंमी. जलस्तंभाखालच्या दाबालाच गळती झाली, तर झडपस्नायू दुर्बल मानतात. शस्त्रक्रियेपूर्वी ही चाचणी सर्वांनाच हवी का, हा वाद बराच चालला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६३० स्त्रियांच्या अभ्यासात चाचणी केलेल्यांत शस्त्रक्रियेचे यश ७६.९, तर केवळ तपासणी केलेल्यांत ७७.२ टक्के आले. साध्या, निव्वळ ताणाच्या गळतीत ती अनिवार्य नाही, हेच मत ग्राह्य वाटते. मिश्र (ताण व घाई दोन्हींची) गळती, आधीची फसलेली शस्त्रक्रिया, लघवी तुंबणे किंवा मज्जासंस्थेचा विकार असल्यास मात्र ती करावी.

कोकणात या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे. या चाचणीसाठी मुंबई किंवा कोल्हापूर गाठावे लागणाऱ्या बाईची फेरी त्यामुळे वाचू शकते. भरल्या मूत्राशयाने खोकायला लावून गळती पाहणे, लघवीनंतर उरलेले मूत्र सोनोग्राफीने मोजणे व मूत्रतपासणी एवढे तालुक्याच्या गावीही होण्याजोगे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी देखरेखीखाली किमान तीन महिने ओटीपोटाच्या तळस्नायूंचे व्यायाम करून पाहावेत. भातलावणी, पाण्याचे हंडे, मासळीच्या पाट्या ही किनाऱ्यावरच्या बायकांची रोजची कामे. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचे नसल्याने लावणी-कापणीचे दिवस सोडून तारीख घेणे इष्ट.