विष्णुदास भावे ‘आद्य’ कशाचे?

दर ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, नटराजाच्या मूर्तीला हार पडतो आणि व्यासपीठावरून कुणी ना कुणी ‘आद्य मराठी नाटककार विष्णुदास भावे’ असे म्हणून मोकळा होतो. यातला ‘आद्य’ हा शब्द एका अर्थी खरा आहे. घोळ आहे तो पुढच्या शब्दात. १८४३ साली सांगलीच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ झाले, तेव्हा त्या खेळाची संहिता म्हणावी अशी वस्तूच नव्हती. भाव्यांनी रचली होती ती पदे. पात्रांनी काय बोलायचे? पदाचा अर्थ धरून त्या रात्री जे सुचेल ते. त्या काळचे प्रेक्षकही ‘नाटक पाहिले’ म्हणण्यापेक्षा ‘खेळ पाहिला’ असेच म्हणत. अमक्या रात्री अमके ‘आख्यान लावले’, ही भाषा कीर्तनाकडून आलेली, आणि तीच या प्रकाराला जास्त नेमकी बसते.

आख्यान लावायचे कसे, हे एकदा नीट पाहिले की निम्मा वाद मिटतो. रामायण-महाभारतातला किंवा पुराणातला प्रसंग घ्यायचा. त्यात कोण कधी येतो, कुणाची कुणाशी गाठ पडते, युद्ध कुठे, शोक कुठे, याचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याला पद, साकी, दिंडी, श्लोक, जे शोभेल ते रचायचे. खेळ सुरू होताना पडद्याआडून मंगलाचरण होई. मग सूत्रधार पुढे येई. पाठोपाठ विदूषक उड्या मारत शिरे, सूत्रधाराशी हुज्जत घाली, आणि त्या हुज्जतीतून आज कोणते आख्यान आहे ते लोकांना कळे. विघ्न नको म्हणून गणपतीचे स्तवन होई, गणपती येऊन नाचून आशीर्वाद देऊन जाई. मग मोरावर बसलेली सरस्वती. मोर लाकडी, सोंग घेणाऱ्याच्या कमरेला बांधलेला. मोराचा पदन्यास त्या नटाच्याच पायांनी व्हायचा. एवढे सगळे झाल्यावर मुख्य कथा.

कथा चालू झाली की सूत्रधार आत जात नसे, हा कळीचा मुद्दा. संस्कृत नाटकातला सूत्रधार प्रस्तावना उरकून निघून जातो. भाव्यांचा सूत्रधार मृदंग आणि झांजा घेतलेल्या साथीदारांसह रंगभूमीच्या कडेला रात्रभर उभा. राम येणार असला तर येण्याचे पद तो म्हणणार, रामाला राग आला तर रागाचे पदही तोच म्हणणार. रामाचे सोंग घेतलेल्याने त्या पदावर अभिनय करायचा आणि पद संपले की त्याचाच आशय गद्यात आपल्या शब्दांत सांगायचा. नटाला गाता आले नाही तरी चालत असे. चेहरा, अंगकाठी, आवाजाची फेक आणि पुराणाची बरी माहिती असली की काम भागे. माणसेही सोंगांप्रमाणे विभागलेली असत: देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी. यातला ‘स्त्रीपार्टी’ हा शब्द पुढे शंभर वर्षे टिकला.

या रचनेची खोट तिच्या सोयीतच आहे. गद्य हजरजबाबी असल्यामुळे त्याला लगाम नाही. राक्षसपार्टीतल्या गड्याला टाळी मिळाली की तो हटत नाही. तलवार परजत, आरोळ्या देत तो दोन चकरा जास्त मारतो, आणि पहाटेपर्यंत सीतेचे लग्न लागायचे राहते. उलट एखाद्याला शब्द सुचले नाहीत तर विदूषकाने मधे पडून खिंड लढवायची. म्हणून विदूषक हे खेळातले सर्वांत जबाबदारीचे काम. दुसरी खोट याहून मोठी. सगळी पदे एकाच गळ्यातून जाणार. तो गळा बसला तर राम, रावण, सीता सगळे मुके. नट बदलता येतो, सूत्रधार बदलता येत नाही. रचणारा, तालीम घेणारा, गाणारा आणि मंडळी चालवणारा असा चौपदरी भार भाव्यांनी एकट्याने वाहिला. त्यांच्या माघारी ही पद्धत फार वर्षे का टिकली नाही, याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही.

टवाळांनी या खेळांना पुढे ‘अललडुर्र’ आणि ‘तागडथोम’ अशी नावे ठेवली. ‘अललल डुर्र’ ही राक्षसाची आरोळी, ‘तागडथोम’ हे मृदंगाचे बोल. चेष्टेची नावे म्हणून ती दिली गेली खरी, पण वर्णन म्हणून ती चोख आहेत. दिवट्यांच्या उजेडात, वाड्याच्या चौकात, शेवटच्या माणसापर्यंत खेळ पोचवायचा तर मृदंग कडकडायलाच हवा आणि राक्षस ओरडायलाच हवा. दिवटीवर राळेची पूड फेकली की भपकन जाळ उठतो आणि पुढच्या क्षणी डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या क्षणात सोंग पुढे आणायचे, ही युक्ती तमाशातले आणि दशावतारातले लोकही जाणून होते. विजेच्या दिव्याखाली बसून हे भडक म्हणणे सोपे आहे.

मुळाकडे वळायचे तर कथा सर्वांना ठाऊक आहे. १८४२ मध्ये उत्तर कानड्यातली, यक्षगानाचे खेळ करणारी भागवत मंडळी सांगलीला आली, तिचे खेळ दरबारात झाले, आणि संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी पदरी असलेल्या विष्णुपंतांना तसे खेळ मराठीत बसवायला सांगितले. विष्णुपंत तेव्हा जेमतेम पंचविशीतले. त्यांना पद्ये जुळवण्याचा आणि हातांनी चित्रेबाहुल्या घडवण्याचा नाद होता. वर्षभराने ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. खर्च संस्थानचा, माणसे आश्रयातली, प्रेक्षक निमंत्रित. गणपती, सरस्वती, कडेला उभा गायक, सुचेल तसे बोलणारी पात्रे, हे सगळे यक्षगानात होते आणि कोकण-गोव्याच्या दशावतारातही होते. म्हणजे घाट उसना होता. यात कमीपणा काही नाही, पण ‘जनक’ वगैरे शब्द वापरताना हे ध्यानात ठेवायला हवे.

‘पहिले नाटक’ या पदवीवर दावा सांगणारे इतरही आहेत आणि ते दुबळे नाहीत. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात शाहराजाने लिहिलेले ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ १६९० च्या आसपासचे, म्हणजे सांगलीच्या आधी दीडशे वर्षे. तिथेही सूत्रधार आहे, पात्रप्रवेशाची ‘दरू’ नावाची पदे आहेत, आणि शिवाय लिहून काढलेले संवादही आहेत. लिखित मराठी नाटक एवढाच निकष धरला तर सांगलीचा दावा तिथेच संपतो. सांगलीची बाजू घेणारे म्हणतात, ती नाटके तंजावरच्या ग्रंथसंग्रहात पडून राहिली, महाराष्ट्रापर्यंत आली नाहीत, तेव्हा त्यांच्यापासून परंपरा सुरू झाली नाही. हे म्हणणे रास्त आहे. पण मग हाच न्याय जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’लाही लागतो. ते १८५५ चे, गद्य संवादांचे, समकालीन समाजावरचे. ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले, ते रंगभूमीवर आले नाही आणि छापून यायला १९७९ उजाडले. एकाला दरबाराचा आश्रय मिळाला, दुसऱ्याला कमिटीने दार लावले, आणि ‘परंपरा कुणापासून’ हा प्रश्न आपण असा विचारतो जणू ती आपोआप ठरली. ‘आधुनिक’, ‘सामाजिक’, ‘लिखित’, ‘प्रयोग झालेले’, यातले कोणते विशेषण लावाल त्याप्रमाणे पहिला मान वेगळ्याकडे जातो. समारंभात विशेषण गाळले जाते, म्हणून भांडण दरवर्षी नव्याने होते.

भाव्यांचे निर्विवाद पहिलेपण कशात आहे, हे पाहायचे तर १८४३ सोडून १८५१ ते १८५३ ही दोन-अडीच वर्षे पाहावीत. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले. वारस अल्पवयीन. तीन वर्षांपूर्वी साताऱ्याचे राज्य खालसा झाले होते, म्हणजे आश्रय मागायला जावे असे दुसरे मोठे घरही उरले नव्हते. भाव्यांपुढे दोन वाटा होत्या: खेळ बंद करून दुसरी चाकरी पाहणे, किंवा मंडळी घेऊन बाहेर पडणे. ते बाहेर पडले. ब्राह्मणाने तोंडाला रंग लावून गावोगाव हिंडावे हे तेव्हाच्या सोवळ्या समाजाला रुचणारे नव्हते. दरबारात धन्याच्या हुकमाने केलेले सोंग आणि पोटासाठी केलेले सोंग यांत लोक फरक करत.

१८५३ च्या मार्चमध्ये ही मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून उभी राहिली. १८४६ मध्ये जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर बांधलेले हे नाटकगृह इंग्रजी धाटणीचे होते. वाड्यात एक यजमान असतो. तो खेळ ठरवतो, जेवू घालतो, आणि शेवटी बिदागी देतो. त्याला आवडले की सगळ्यांना आवडले. तिकिटाच्या खेळात यजमान नाही. पैसा शंभर हातांतून येतो आणि तो खेळाआधी येतो. मग दारावर विश्वासाचा माणूस लागतो, नाटकगृहाचे भाडे आधी मोजावे लागते, कोणते आख्यान कोणत्या दिवशी ते आगाऊ जाहीर करावे लागते, आणि वेळेवर पडदा उघडावा लागतो. कलावंतांचा पगार, बिऱ्हाड, सामानाची वाहतूक, खेळ न लागणाऱ्या दिवसांचा शिधा, हे सगळे चालकाच्या अंगावर येते. चौकात तिन्ही बाजूंनी लोक बसलेले असायचे. इथे सगळे एकाच बाजूला. कडेला उभ्या सूत्रधाराची आणि साथीची जागा इथे नव्याने ठरवावी लागते. अशा ठिकाणी मराठी खेळ चालतो आणि त्यावर मंडळी जगू शकते, हे भाव्यांनी दाखवून दिले. ‘आद्य नाटक मंडळीचालक’ ही पदवी उच्चारायला जड आहे, पण हक्काची आहे.

ग्राहक पाहून माल बदलण्याचे शहाणपणही त्यांच्यात होते. मुंबईत मराठी न समजणारे प्रेक्षक पुष्कळ, म्हणून गोपीचंदाचे आख्यान त्यांनी हिंदुस्तानीत लावले. त्याच वर्षी, १८५३ च्या ऑक्टोबरात, त्याच नाटकगृहात पारशी मंडळींचे पहिले नाटक झाले. कोणी कोणाचे किती उचलले यावर दोन्हीकडचे अभिमानी आजही हमरीतुमरीवर येतात. एकाच छपराखाली, एकाच वर्षी दोन्ही गोष्टी घडल्या, एवढे पुरेसे बोलके आहे.

यशाचा त्रास लगेच सुरू झाला. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा गावांच्या नावांच्या मंडळ्या निघाल्या. पदे तोंडी होती. ऐकावीत, पाठ करावीत, दुसऱ्या गावी लावावीत. कॉपीराइट मागायला हातात छापील पुस्तक नव्हते. भाव्यांची पन्नासच्या आसपास आख्यानांची पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ म्हणून छापून आली ती १८८५ मध्ये, खेळ थांबवून वीसहून अधिक वर्षे झाल्यावर. त्या पुस्तकात पदे आहेत, बोलणी नाहीत. हा संग्रह हातात घेऊन आज कुणी ‘सीतास्वयंवर’ जसेच्या तसे उभे करू म्हणेल तर ते होणार नाही, कारण अर्धा खेळ कधी कागदावर आलाच नव्हता.

१८६२ च्या सुमारास, चाळिशी ओलांडताना, भावे या धंद्यातून बाजूला झाले. त्याच्या आदल्याच वर्षी थोरल्या माधवराव पेशव्यांवरचे गद्य नाटक छापून आले होते, आणि इंग्रजी शिकलेल्या तरुणांना लिहिलेले संवाद पाठ करून म्हणण्याची गोडी लागली होती. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे भावे जगले. १९०१ मध्ये ते गेले तेव्हा संगीत नाटकाचा बहर चालू होता.

तो बहर सुरू झाला ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात, ‘संगीत शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांनी. भाव्यांच्या घाटाच्या दृष्टीने त्या रात्री एकच बदल झाला, पण तो मुळावरचा होता. पद ज्याचे त्याने म्हणायचे. कडेला उभा असलेला गळा मोडीत निघाला, सूत्रधार प्रस्तावनेपुरता उरला, आणि नटाला गाता येणे ही पहिली अट झाली. पुढे गाणाऱ्या नटाच्या मागे तिकीटबारी धावू लागली, मंडळ्या फुटू लागल्या, नट मालक झाले. संगीत नाटकाच्या इतिहासात भाव्यांना मिळणारी दोन पाने आणि पुढच्या पन्नास वर्षांना मिळणारी दोनशे पाने, हे प्रमाण या बदलातून आले आहे. त्यात थोडा अन्याय आहे, कारण गावोगाव हिंडणारी, तिकिटावर जगणारी मंडळी हा सांगाडा त्या बहराला आयता मिळाला होता.

१९४३ मध्ये सांगलीत शताब्दीचा मोठा सोहळा झाला. बोलपटाने मराठी नाटक मंडळ्यांची धूळधाण केली होती, आणि अशा पडत्या काळात एक सण हवा होता. ‘आद्य नाटककार’ ही पदवी घट्ट बसवण्यात त्या शताब्दीचा मोठा वाटा आहे. १९६० पासून सांगलीत दिले जाणारे भाव्यांच्या नावाचे पदक आणि ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्यावर शिक्कामोर्तब करत राहतात. भाव्यांनी घडवलेल्या लाकडी बाहुल्यांतल्या काही आजही शिल्लक आहेत. एका बाहुलीकार कुटुंबाने त्या दुरुस्त करून त्यांचे खेळही केले.

नाटकगृहांनी टाकून दिलेला घाट मात्र बंद पडलेला नाही. तळकोकणात जत्रेच्या रात्री दशावतारासाठी देवळापुढच्या मांडावर एक बाकडे मांडतात. बाजूला पखवाज, झांज आणि पेटी घेऊन नाईक बसतो. आधी गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, संकासुर येऊन लोकांना हसवून जातो. मग नाईक पद म्हणतो, राजा बाकड्यावर एक पाय ठेवतो आणि बोलायला लागतो. पुढे काय बोलायचे ते त्याला कुणी लिहून दिलेले नसते.