कासवाच्या पेटीतील बास्किंग बल्ब

पाळीव कासवाच्या निवाऱ्यात एका ठरावीक जागेवर उन्हासारखी ऊब आणि उजेड पाडण्यासाठी वरून टांगलेल्या दिव्याला बास्किंग बल्ब म्हणतात. कासव शीतरक्ताचे असल्यामुळे त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानाबरोबर चढते आणि उतरते. सकाळी ऊन खाल्ल्याशिवाय त्याच्या हालचालीला वेग येत नाही आणि खाल्लेला पालाही नीट पचत नाही. मराठीत पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या दोन्ही प्राण्यांना कासव हा एकच शब्द आहे. या नोंदीत फक्त जमिनीवर राहणाऱ्या कासवांचा, तोही नाशिकच्या हवामानाच्या संदर्भात, विचार केला आहे.

दिव्याच्या आधी कायदा पाहावा लागतो. भारतात आढळणारे तारा कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असून ते घरी पाळणे गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही त्याचा समावेश झाला. आफ्रिकेतील सल्काटासारख्या परदेशी जाती त्याच कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात आणि त्या बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. ज्याच्याकडे असे नोंदणीकृत कासव आहे, त्याच्यासाठीच पुढील विवेचन आहे.

नाशिकचे हवामान उन्हाच्या बाबतीत उदार आहे. वर्षातील बराच काळ येथे स्वच्छ ऊन पडते आणि अंगणात किंवा गच्चीवर सावलीची सोय असलेले कुंपण करता आले, तर सकाळच्या कोवळ्या उन्हाची बरोबरी कोणताही दिवा करू शकत नाही. दिव्याची खरी गरज दोन काळांत भासते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाही आणि हवेत ओल असते; डिसेंबर-जानेवारीत पारा वारंवार दहा अंशांखाली जातो आणि द्राक्षबागांना थंडीपासून वाचवण्यासाठी बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, त्या निफाड परिसरात तो आणखी खाली उतरतो. थंडी आणि ओल एकत्र आली की कासवाला श्वसनाचे आजार होण्याचा धोका वाढतो. सदनिकेत राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते: खिडकीच्या काचेतून आलेले ऊन ऊब देते, पण त्यातील उपयुक्त अतिनील किरण काचेतच अडतात. काचेची माशांची टाकी कासवासह उन्हात ठेवणे तर जीवघेणे ठरते, कारण काही मिनिटांत आतील हवा तापते आणि कासवाला सावलीकडे सरकायला जागाच उरत नाही.

उन्हातून कासवाला ऊब आणि यूव्हीबी म्हणजे अतिनील-ब किरण अशा दोन स्वतंत्र गोष्टी मिळतात आणि निवडीतील बहुतेक चुका या दोहोंची गल्लत केल्यामुळे होतात. यूव्हीबी किरणांमुळे त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होऊ लागते, त्या प्रक्रियेचा पुढचा टप्पा अंगाच्या उबेवर पूर्ण होतो आणि या जीवनसत्त्वामुळे आहारातील कॅल्शियम शोषले जाते. ते न मिळाल्यास हाडे ठिसूळ होतात आणि कवच मऊ पडून वेडेवाकडे वाढते. साधा पिवळा बल्ब किंवा हॅलोजन भरपूर ऊब देतो, पण उपयोगी पडेल इतके यूव्हीबी देत नाही. यूव्हीबीची नळी किरण देते, पण पुरेशी ऊब देत नाही. म्हणून हॅलोजन आणि नळी शेजारीशेजारी लावणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. पाऱ्याच्या वाफेचा दिवा दोन्ही कामे एकट्याने करतो, मात्र त्याचा जोर डिमरने कमी करता येत नाही आणि वीज गेल्यावर तो थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. पावसाळ्यात वीज वरचेवर जात असेल, तर ही मोठीच गैरसोय आहे.

एलईडी दिवा या कामाला निरुपयोगी आहे. त्याची वीजबचत ऊब न देण्यातूनच येते. कुक्कुटपालनाचा व्यवसाय नाशिक जिल्ह्यात मोठा असल्याने पिलांना ऊब देणारे दीडशे-अडीचशे वॅटचे लाल बल्ब येथे सहज मिळतात, पण घरगुती पेटीसाठी ते फार प्रखर असतात. शिवाय लाल उजेड कासवाला दिसतो, त्यामुळे रात्री तो लावल्यास त्याची झोपमोड होते. रात्री ऊब द्यायचीच असेल, तर उजेड न पाडणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान आपोआप राखणाऱ्या उपकरणाला, जोडून लावावा.

बल्ब किती वॅटचा घ्यावा, याचे उत्तर खोक्यावर नसते. तोच बल्ब उघड्या लाकडी पेटीत अपुरा पडतो आणि झाकलेल्या पेटीत जास्त होतो. जानेवारीत योग्य ठरलेला एप्रिलमध्ये अनावश्यक असतो. मध्यम आकाराच्या पेटीसाठी पन्नास ते शंभर वॅटच्या दरम्यान सुरुवात करून प्रत्यक्ष तापमान मोजणे हाच खात्रीचा उपाय आहे. दिव्याखाली काळ्या दगडाची सपाट फरशी ठेवावी, तिच्यावर कासवाच्या पाठीइतक्या उंचीचा लाकडी ठोकळा ठेवून त्यावर थर्मामीटर ठेवावा आणि तासाभराने आकडा पाहावा. सल्काटा किंवा भूमध्य प्रदेशातील जातींसाठी या जागी ३५ ते ३८ अंश सेल्सिअस तापमान असावे. दमट जंगलात राहणाऱ्या लाल पायांच्या कासवाला ३० ते ३२ अंश पुरतात. पेटीचे दुसरे टोक पंचवीसच्या आसपास राहिले पाहिजे, कारण ऊब सोडून जाता येणे हे ऊब मिळण्याइतकेच आवश्यक आहे. आकडा जास्त आला तर दिवा वर घ्यावा, कमी आला तर खाली आणावा किंवा अधिक वॅटचा लावावा.

उबेचा झोत अरुंद नको. निमुळता स्पॉट बल्ब पाठीच्या मधोमध चटका देतो, कवचाचा वरचा भाग कोरडा करतो आणि पाय मात्र गारच राहतात. म्हणून संपूर्ण कासव मावेल इतके वर्तुळ उजळणारा रुंद झोताचा फ्लड बल्ब घ्यावा. पूर्ण वाढलेला सल्काटा चाळीस किलोंच्या पुढे जाऊ शकतो, त्याला एक बल्ब कधीच पुरत नाही. दिवा नेहमी वरूनच असावा. बाजूने येणारा प्रकाश थेट डोळ्यांत जातो, तर वरून येणाऱ्या प्रकाशापासून भुवईचा कंगोरा डोळ्यांचे रक्षण करतो. मोजमाप बरोबर जमले की कासवच ते सांगते: दिवा लागल्यावर थोड्या वेळाने ते फरशीवर येते, मान लांब करते, चारही पाय बाहेर सोडून पोट टेकवते आणि अंग तापले की उठून पाल्याकडे वळते. दिवसभर दिव्याखालून न हलणारे कासव गारठलेले असते. सतत दूरच्या कोपऱ्यात दडून राहणारे बहुधा उकाड्याने त्रासलेले असते.

भारतातील साधे बल्ब पिनच्या होल्डरात बसतात, तर परदेशी बनावटीचे बास्किंग बल्ब बहुधा आटे असलेले असतात. त्यांच्यासाठी चिनी मातीचा होल्डरच घ्यावा, कारण प्लास्टिकचा होल्डर सततच्या उष्णतेने वितळतो. अमेरिकेतून आणलेला ११० किंवा १२० व्होल्टचा बल्ब आपल्या २३० व्होल्टवर लावताच उडतो. दिवा चिमट्यावर न सोडता साखळीने टांगावा. पेटीतले वाळके गवत पेटायला एक निसटलेला चिमटा पुरतो.

दिवसाला बारा तास या हिशेबाने हजार तासांचा बल्ब तीन महिनेही टिकत नाही, म्हणून थंडीच्या तोंडावर एक जादा बल्ब घरात असावा. यूव्हीबीची नळी याहून फसवी असते: ती उजेड देत राहते, पण सहा महिने ते वर्षभरात तिचे उपयुक्त किरण ओसरतात आणि डोळ्यांना ते कळत नाही. त्यामुळे नळी बसवल्याची तारीख तिच्या पट्टीवरच लिहून ठेवावी.