उसाचा रस, डाळिंबाचे दाणे आणि मुलांचं वाढतं वजन

"आमच्याकडे मैदा नाही, पिझ्झा नाही, रोज ज्वारीची भाकरी. तरी पोरगं सुटतच चाललंय!" सोलापुरात ही तक्रार नवी नाही. तिच्यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणजे "बाळसं आहे, उंची वाढली की उतरेल" आणि दुसरं, "थायरॉइड असेल". थायरॉइडचं आधी निपटू. थायरॉइडमुळे वजन वाढतं तेव्हा मुलाची उंची खुंटते. वर्गात उंचीनं पुढे असलेल्या जाड मुलाचं कारण बहुधा तिथं नसतं. बाळशाच्या समजुतीत मात्र अर्धं सत्य आहे, आणि उपचाराची गुरुकिल्लीही तिथंच आहे.

हिशेब करून पाहा. दहा वर्षांचा मुलगा, उंची १३८ सेंमी, वजन ४८ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचं माप) येतो २५.२. वर्षभरात उंची ६ सेंमी वाढली आणि वजन ४८ वरच थांबलं, तर तो २३.१ होतो. आणखी एका वर्षानं, १५० सेंमीला, २१.३. एक किलोही न उतरवता! म्हणून वाढत्या वयात बहुतेक मुलांना वजन घटवायचं नसतं, थोपवायचं असतं. उंची वाढली की वजन आपोआप उतरेल असं नाही. वजन थांबलं तरच उंची कामाला येते. (मोठ्यांचे बीएमआयचे आकडे मुलांना लावू नयेत. त्यांच्यासाठी वय आणि लिंगानुसार भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत.) ज्यांची उंची वाढायची थांबली आहे त्या किशोरांचं गणित वेगळं. त्यांना हळूहळू वजन कमी करावं लागतं, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली.

थोपवायचं कुठून? ताटाआधी पेल्याकडे बघा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दर चौकात रसवंतीची घुंगरं वाजतात. "उसाचा रस नैसर्गिक, त्यानं काय होतंय?" २५० मिलीच्या पेल्यात किमान ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चहाचे चमचे. ती उसातून आली की बाटलीतून, हे यकृत विचारत नाही.

आता खरी गंमत. तेवढीच साखर चावून खाल्ली तर पोट तिची नोंद वेगळी घेतं. घन अन्न जठरात घुसळलं जातं आणि कण एक-दोन मिलिमीटरचे होईपर्यंत पुढचं दार, पायलोरस, त्यांना सोडत नाही. तोवर जठराची भिंत ताणलेली राहते. हा ताण व्हेगस नावाचा मज्जातंतू मेंदूच्या बुंध्याला कळवत राहतो: अजून भरलेलं आहे. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला सीसीके आणि शेवटच्या भागाकडे जीएलपी-१ व पीवायवाय ही पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं स्रवतात. भूक चाळवणारं घ्रेलिन खाली येतं. (सध्या गाजणारी वजनाची इंजेक्शनं याच जीएलपी-१ ची नक्कल करतात.) या साखळीला वेळ लागतो, साधारण पंधरा-वीस मिनिटं. रस घशाखाली जातो एका मिनिटात. चावणं नाही, घुसळणं नाही, दारावर थांबणं फारसं नाही. परिणामी पुढच्या जेवणात मूल फारसं कमी खात नाही.

हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या प्रयोगात १५ प्रौढांना चार आठवडे रोज ४५० किलोकॅलरी जेली-गोळ्यांतून आणि चार आठवडे तेवढ्याच शीतपेयातून दिल्या. गोळ्या खाताना त्यांचं बाकीचं जेवण आपोआप घटलं. शीतपेय पिताना घटलं नाही, आणि वजन वाढलं. मुलांवरचा पुरावा नेदरलँड्समधला, २०१२ चा. ६४१ मुलांना दीड वर्ष रोज २५० मिली पेय दिलं. निम्म्यांच्या पेयाच्या डब्यात साखर होती (१०४ किलोकॅलरी), निम्म्यांच्या डब्यात बिनसाखरेचं गोड पेय. कुणाला काय मिळतंय हे मुलांनाही ठाऊक नव्हतं. साखरवाल्यांचं वजन सरासरी ७.३७ किलोनं वाढलं, बाकीच्यांचं ६.३५ किलोनं. रोजच्या एका गोड पेयामुळे एक किलोचा फरक.

डाळिंबाचंही तेच. पेलाभर रसाला दोन-तीन फळं लागतात. एकच डाळिंब सोलून दाणे खायला मुलाला दहा मिनिटं लागतात आणि चोथाही पोटात जातो. डाळिंब द्या, रस नको. 'डिटॉक्स ज्यूस'वाल्यांच्या दुकानात शिरायचं तर कारणच नाही.

मग भाकरीचं काय? साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी सुमारे २०० किलोकॅलरी. कडक भाकरी तर चावूनच खावी लागते, त्यामुळे जेवणाचा वेग आपोआप मंदावतो. गडबड तिच्या सोबत्यांत आहे. शेंगाचटणीचे दोन चमचे (२० ग्रॅम) सुमारे ११० किलोकॅलरी. वर तेलाची धार सोडली की दर चहाच्या चमच्याला आणखी ४०. चटणी बंद करू नका, ती प्रथिनंही देते. एक चमचा घ्या आणि तेलाऐवजी घट्ट दह्यात कालवा. निम्मं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव भाकरी किंवा भाताचं, पाव वरण, उसळ किंवा अंड्याचं. भात बंद, फक्त फळं, किटो (भाकरी-भात-साखर जवळजवळ बंद, भर चरबीवर) असले प्रकार वाढत्या मुलांवर नकोत.

पेल्याचा बदल एकदम केला तर घरात बंड होतं. चहा-दुधातली साखर दर आठवड्याला अर्ध्या चमच्यानं कमी करा. जीभ जुळवून घेते. दूध थांबवू नका, त्यातली गोड चॉकलेटी पूड थांबवा. शाळेतून आल्याबरोबर आधी पाणी किंवा ताक: चार पोह्याचे चमचे दही, तिप्पट पाणी, जिरं, चिमूटभर मीठ, जेमतेम ४० किलोकॅलरी. पाठोपाठ मूठभर फुटाणे. हा पाचचा खाऊ चुकला की सहा वाजता वडापाव ठरलेला, आणि त्याचे जवळपास ३००. फ्रिजमध्ये कोल्ड्रिंकची बाटली ठेवून "तू पिऊ नको" म्हणणं सगळ्यात वाईट. बाटली घरातच येऊ नये, थोरल्यांसाठीही नाही. एकट्या मुलासाठी वेगळं ताट मांडलं की ते शिक्षा समजतं आणि बाहेर चोरून खातं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टाईन यांनी ज्या कुटुंबांत आईवडिलांनाही सोबत बदलायला लावलं, तिथल्या मुलांचा फायदा दहा वर्षांनीही टिकलेला दिसला. तो निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

मुलाची मान मात्र एकदा उजेडात पाहा. मागच्या बाजूला जाडसर, मखमली काळा पट्टा असेल तर तो मळ नाही. बेसन-लिंबानं घासून तो जाणार नाही, आणि दृष्ट लागण्याशीही त्याचा संबंध नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं आणि रक्तात ते वाढलं, की त्वचा अशी जाड होते. असा पट्टा दिसला, किंवा मूल झोपेत घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून रक्तातली साखर आणि यकृत तपासून घ्या.