ऑटोरेडिओग्राफीसाठी पी-३२ मागवताय? आधी हे कागद बघा

ऑटोरेडिओग्राफी म्हणजे सॅम्पलमधल्या किरणोत्सर्गाची छाप फिल्मवर घेणं. जेल वाळवायचं, एक्स-रे फिल्मसोबत कॅसेटमध्ये घालून उणे ८० ला ठेवायचं, सकाळी डेव्हलप केलं की काळे पट्टे. हे सगळ्यांना येतं. घोडं अडतं त्याच्या आधी. फिल्मला परवानगी लागत नाही, सॅम्पलमधल्या फॉस्फरस-३२ (पी-३२) या किरणोत्सर्गी आयसोटोपला लागते, ती देतं अणुऊर्जा नियामक मंडळ म्हणजे एईआरबी, आणि अर्ज त्यांच्या ईलोरा या ऑनलाइन पोर्टलवर.

पीएचडीची मुलं स्वतःच्या नावाने अर्ज करायला बसतात, अरे बाळांनो, अर्ज संस्थेचा असतो. आधी संस्थेची नोंदणी, मग बाकी सगळं.

खरी गोची आरएसओची, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. सर वीस वर्षं आयसोटोप वापरतायत एवढ्यावर भागत नाही, त्या माणसाला एईआरबीची मान्यता हवी आणि तिला मुदत असते. मी पाहिलेल्या एका लॅबमध्ये सर रिटायर झाले, नवीन नाव कुणी टाकलंच नाही, आणि तिथल्या पीएचडीच्या एका मुलीचं काम थांबलं ते थांबलंच. ऑफिसात विचारलं की 'वर पाठवलंय', बास. तारीख स्वतः तपासा.

अर्जात अ‍ॅक्टिव्हिटीचा, म्हणजे किरणोत्सर्ग किती त्याचा, आकडा लिहिताना युनिट दोनदा बघा. १ मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेक्वेरेल. मिलि आणि मायक्रो यांत हजारपटीचा फरक आहे, आणि कुपीवरची अ‍ॅक्टिव्हिटी तिथे छापलेल्या तारखेची असते, तुम्ही उघडता त्या दिवशीची नाही. पी-३२ दर १४.३ दिवसांनी निम्मा होतो (हीच त्याची हाफ लाइफ), म्हणून परवानगी हातात आल्याशिवाय बीआरआयटीकडे, म्हणजे आयसोटोप पुरवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, ऑर्डरची घाई नको, तशीही ते परवानगीशिवाय माल देत नाहीत.

टीएलडी बॅज (अंगाला किती किरणोत्सर्ग लागला ते मोजणारा) ज्याचा त्यानेच लावायचा, मित्राचा अजिबात नाही, आणि तिमाही संपली की वेळेवर परत पाठवायचा. कंट्रोल बॅज, म्हणजे कुणीही न लावता तुलनेसाठी ठेवायचा तो, आयसोटोपच्या खोलीत ठेवू नका. ट्रिटियमवाल्यांनी (म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन वापरणाऱ्यांनी) बॅजवर विसंबू नये, ट्रिटियमचे बीटा कण इतके दुबळे की बॅजवर दिसतच नाहीत (साध्या फिल्मवरही उमटत नाहीत, फ्लुओरोग्राफी, म्हणजे जेलमध्ये प्रकाश देणारं रसायन मुरवून फिल्म घेणं, करावी लागते).

कचऱ्याचं अर्जातच नीट लिहा. पी-३२ वेगळ्या डब्यात, डब्यावर तारीख, दहा हाफ लाइफ म्हणजे साधारण १४३ दिवस ठेवला की हजारावा भाग उरतो. तरी मोजून, रजिस्टरमध्ये नोंद करून आणि आरएसओला दाखवूनच बाहेर काढा.