गोरम मॅन्युफॅक्चरिंग कंपनी

गोरम मॅन्युफॅक्चरिंग कंपनी : चांदीचे काटे-चमचे व इतर भांडी घडवणारा अमेरिकेतील विख्यात कारखाना. मूळ ठिकाण ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स.

स्थापनावर्षाबद्दल एकवाक्यता नाही. जबेझ गोरम याने १८१३ च्या सुमारास भागीदारीत दागिन्यांचा धंदा सुरू केला. चमचे मात्र १८३१ मध्ये हेन्री वेब्स्टरशी भागीदारी झाल्यावर होऊ लागले. कंपनीची सनद १८६३ ची आहे. चांदीकामाचा इतिहास पाहायचा असल्याने १८३१ हेच वर्ष धरणे सयुक्तिक ठरते.

जबेझचा मुलगा जॉन याने धंद्याचे रूप पालटले. १८५२ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि जेम्स नॅस्मिथच्या कारखान्यातून वाफेवर चालणारा ठोकयंत्राचा घण मिळवला. चांदीच्या पत्र्यातून कापलेला तुकडा पोलादी ठशांच्या जोडीत ठेवून त्यावर घण पाडला, की दांड्यावरची नक्षी दोन्ही बाजूंनी एकदमच उमटते. हातोडीने एकेक चमचा घडवणाऱ्या कारागिरांना हा वेग गाठणे शक्य नव्हते.

सिंह, जहाजाचा नांगर व ‘जी’ हे अक्षर अशी कंपनीची मुद्रा आहे. नांगर ऱ्होड आयलंडच्या राज्यचिन्हातला की इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या चांदी-तपासणीच्या छापावरून उचललेला, यावर मतभेद आहेत. पहिले मत अधिक पटण्याजोगे आहे. तरी तीन चिन्हांची मांडणी इंग्लिश छापांची आठवण करून देते, हे नाकारता येत नाही. इंग्लंडमध्ये चालता सिंह म्हणजे हजारी ९२५ शुद्धतेची (हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी) ग्वाही. गोरमच्या जुन्या चमच्यांवर मात्र तोच सिंह सुमारे ९०० शुद्धतेच्या नाण्याच्या चांदीवरही आढळतो. ९२५ चे प्रमाण कंपनीने १८६८ मध्ये स्वीकारले. त्याच वर्षापासून वर्षदर्शक अक्षरेही उमटू लागली. कालनिश्चितीसाठी संग्राहकांची भिस्त यांवरच असते. त्यामुळे १८६८ पूर्वीच्या वस्तूंची शुद्धता केवळ सिंह पाहून ठरवू नये.

विल्यम कॉडमन या इंग्लिश आरेखकाने १८९५ मध्ये ‘शाँटियी’ हा नमुना आखला. तो कंपनीच्या सर्वाधिक खपलेल्या नमुन्यांत गणला जातो. त्याच्याच देखरेखीखाली घडलेली ‘मार्तले’ भांडी मात्र ठशांविना, हातोडीने ठोकून काढलेली. त्यांत ९५० शुद्धतेची चांदीही वापरली गेली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ती गाजली. कारागिरीच्या दृष्टीने कंपनीचे सर्वोत्तम काम हेच.

कंपनीने काशाचे पुतळेही ओतले. १९६७ मध्ये ती टेक्स्ट्रॉन या उद्योगसमूहाकडे गेली आणि त्यानंतर मालकी अनेकदा बदलली.