बाहुलीचा खेळ आणि स्त्रीत्वाची घडण (नागपूर)

'बाई' म्हणून कसं वागायचं, काय बोलायचं आणि काय गिळायचं, याची मुलीची पहिली तालीम बाहुलीच्या खेळात होते. चिंध्यांची बाहुली, भातुकलीची बोळकी, बाहुला-बाहुलीचं लग्न हे नागपुरात उर्वरित महाराष्ट्रासारखंच आहे. इथलं वेगळेपण भुलाबाईत आहे.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर विदर्भातल्या मुली मातीची भुलाबाई मांडतात. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. शेजारी भुलोजी म्हणजे शंकर, सोबत बाळ गणोबा म्हणजे गणपती. संध्याकाळी टिपऱ्यांच्या तालावर गाणी होतात आणि झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा असतो. गाणी सासर-माहेरची, डोहाळ्यांची, बाळंतपणाची. एका गाण्यात सून माहेरी जायला विचारते, तर सासू आधी कारल्याचा वेल लावायला सांगते. मग वेल वाढू दे, कारली लागू दे, भाजी होऊ दे. सात-आठ वर्षांच्या मुलीला हे सगळं पाठ असतं. सासुरवास तिच्या वाट्याला येण्याआधी तोंडात येतो. मात्र याच गाण्यांत सासरची यथेच्छ निंदाही आहे, म्हणून त्यांना केवळ आज्ञाधारकपणाची शाळा म्हणणं अन्यायाचं होईल.

भुलाबाई बसण्याच्या पंधरवडाभर आधी तान्हा पोळा होतो. भोसलेकाळापासून चालत आलेल्या या सणात मुलं सजवलेला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, मिळवतात. आता मुलीही बैल घेऊन निघतात, ही चांगली गोष्ट आहे. पण खेळण्यांतला फरक मोठा आहे: बैल हाकायचा असतो, बाहुली सांभाळायची.

सीताबर्डीच्या दुकानांत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या बाहुल्यांचं वळण निराळं. भुलाबाई नातं शिकवते, या बाहुल्या शरीर. १९५९ साली अमेरिकेत आलेल्या बार्बीवर याबाबत बराच अभ्यास झाला आहे. ब्रिटनमधल्या २००६च्या अभ्यासात ५ ते ८ वर्षांच्या मुलींपैकी लहान वयाच्या मुली बार्बीची चित्रं पाहिल्यावर स्वतःच्या शरीराबद्दल जास्त नाराज दिसल्या. २०१४च्या एका अमेरिकी प्रयोगात बार्बीशी खेळलेल्या मुलींनी, मुलगे करू शकतील त्यापेक्षा कमी व्यवसाय स्वतःला जमतील असं सांगितलं. प्रयोगात मुली ३७च होत्या, तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नये. बार्बी बनवणाऱ्या कंपनीने २०१६मध्ये वेगवेगळ्या बांध्यांच्या बाहुल्या आणल्या.

तरीही बाहुलीपेक्षा तिच्याभोवतीचं बोलणं अधिक घडवतं. रुमालाचा पदर डोक्यावरून ओढून एखादी मुलगी बाहुलीला दटावते, "चूप बस, पाव्हणे येऊन राहिले." हे वाक्य बाहुलीसोबत दुकानातून येत नाही, घरातून येतं. लग्नाच्या खेळात तर बाहुल्याची आई कोण होणार यावरूनच भांडण जुंपतं. वरमाईचा रुसवा काढला जातो, तिला आधी वाढलं जातं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जिच्या वाट्याला बाहुली येते, ती मुकाट्याने बोळक्यातलं पाणी घेऊन पाय धुवायला वाकते.